गंगावनातले केस कुणाचे?

चळवळीतली एखादी मुलगी जयंतीला नटूनथटून आली, केसांत गंगावन किंवा आजच्या भाषेत हेअर एक्स्टेन्शन लावून आली, की एक शेरा हमखास ऐकू येतो : "बाबासाहेबांनी हेच शिकवले का?" शेरा मारणारे बहुतेक वेळा पुरुष असतात, आणि त्यांच्या स्वतःच्या अंगावर कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट असतो. त्यांनी स्वतः नीटनेटके राहणे हा स्वाभिमान आणि तिने केस सजवणे हा चंगळवाद, असा हा हिशेब आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याचे उत्तर भावनेने नव्हे, इतिहासाने द्यायला हवे.

मुळात ही वस्तू नवी नाही. आपल्या आज्या-पणज्या विंचरताना गळलेले केस बोटाला गुंडाळून कोनाड्यात खोचून ठेवत. पुरेसे साठले की त्याचे गंगावन करून घेत, नाहीतर दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला देत. काळ्या दोऱ्याने बांधलेला केसांचा झुपका वेणीच्या पेडांत गुंफायचा, की वेणी लांब आणि अंबाडा भरदार. आज दोऱ्याच्या जागी क्लिप आली. आरशासमोर उभे राहून वरचे केस बाजूला घ्यायचे, खाली क्लिपची पट्टी अडकवायची, वरचे केस परत सोडायचे. घरच्या घरी पाच-दहा मिनिटांचे काम. पण केस कुणी वाढवायचे, कुणी कापायचे आणि कुणी सजवायचे हे आपल्या देशात बाईने स्वतः कधी ठरवले?

ब्राह्मणी व्यवस्थेने केसांवर दोन्ही बाजूंनी ताबा ठेवला. एका बाजूला ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींतील विधवांचे केशवपन. नवरा मेला की बाईचे डोके भादरायचे, आणि तेही तिला विचारून नाही. दुसऱ्या बाजूला आपल्या वस्त्यांत केस न कापण्याची सक्ती. मरीआईच्या नावाने सोडलेला पोतराज बायकी केस वाढवून, स्वतःच्या अंगावर आसूड ओढत दारोदार भीक मागत फिरायचा. मुलीच्या डोक्यात गुंता होऊन जट झाली की यल्लम्माचे बोलावणे आले म्हणायचे आणि तिला जोगतीण करून सोडायचे. तेलफणी न मिळाल्याने झालेला गुंता देवीच्या नावावर खपवला, आणि त्या गुंत्याला धरून मुलीचे अख्खे आयुष्य ओढून नेले. तिकडे वस्तरा, इकडे जट. रूपे दोन, पण हुकूम एकच : तुझे डोके तुझे नाही.

या हुकमाला पहिला मोठा धक्का दिला तो सत्यशोधकांनी. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असा निर्धार झाला. जोतीरावांच्या विचाराचे हे फळ होते. नीट पाहा, ज्यांच्या हाताने हा जुलूम करवून घेतला जात होता, त्या कष्टकरी जातीनेच हत्यार खाली ठेवले. ज्या बायकांसाठी ते ठेवले, त्या त्यांच्या जातीच्याही नव्हत्या. शूद्रातिशूद्र आणि स्त्रियांची गुलामी एकाच खुंटीला बांधलेली आहे, हे पुस्तकात वाचण्याआधी या माणसांनी कृतीतून दाखवले.

दुसरा धक्का महाडचा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातला बावन्नावा श्लोक 'चांडाळां'नी काय ल्यावे ते सांगतो : मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, दागिने लोखंडाचे असावेत आणि सतत भटकत राहावे. म्हणजे शृंगार हासुद्धा कायद्याचा विषय होता. कुणाच्या अंगावर काय चमकावे, हे जातीने ठरवायचे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. लुगडे घोट्यापर्यंत नेसा, अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारे गळसऱ्यांचे आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या, चांदीच्या दागिन्यांचे ओझे टाकून द्या, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. आणि बायकांनी ते लगेच अमलात आणले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा हा सगळा वाटा नोंदलेला आहे.

आता शेरेबाजांनी सांगावे, बाबासाहेब शृंगाराच्या विरोधात होते का? त्यांनी टाकायला सांगितल्या त्या गुलामीच्या खुणा. 'नीट राहू नका' असे ते म्हणाले नाहीत, उलट नीट राहा म्हणाले. त्यांच्या सांगण्याचा रोख दागिन्याच्या वजनावर नव्हता, त्यातून दिसणाऱ्या जातीवर होता. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगाव पोतराजांनी केस उतरवले, देव्हारे हलवले गेले. ज्याला केस कापायची मुभा नव्हती त्याने ते कापले, हा त्याचा विजय. मग जिला सजवायची मुभा नव्हती तिने ते सजवले, तर तो पराभव कसा? दोन्ही ठिकाणी निर्णय ज्याच्या त्याच्या हातात आला, एवढेच मोजायचे असते.

पण इथे थांबलो तर आपला इतिहास अर्धाच राहील. गंगावन लावणारीचा हक्क मान्य केला, ज्यांच्या कष्टातून ते तयार होते त्यांचे काय?

"केसांवर भांडी, केसांवर फुगे" ही आरोळी महाराष्ट्राच्या खेड्यांनी आणि झोपडपट्ट्यांनी ऐकलेली आहे. फणीतला गुंतवळ घ्यायचा आणि बदल्यात फुगा, सुया, पिना किंवा एखादे स्टीलचे भांडे द्यायचे. ही फेरी करणारे पुष्कळदा भटक्या-विमुक्तांतले. मनूने ज्यांना 'सतत भटका' म्हटले, इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्यांतल्या कित्येक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले आणि स्वतंत्र भारताने १९५२ साली ज्यांना कागदावर विमुक्त केले, त्या समाजांतल्या या बाया आणि बापे. त्यांनी गोळा केलेला गुंता व्यापाऱ्यांमार्फत कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरला, बंगालमध्ये मुर्शिदाबादकडे अशा ठिकाणी जातो. तिथे गरीब घरांतल्या बाया तासन् तास बसून सुईने एकेक केस सोडवतात. मग ते खिळ्यांच्या फणीतून ओढायचे, लांबीप्रमाणे लावायचे, धुवायचे, जुड्या बांधायच्या. नाकातोंडात धूळ, मानेला आणि डोळ्यांना ताण.

दुसरा प्रवाह देवळांचा. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर भाविक मुंडण करतात. ते केस देवस्थान लिलावात विकते, आणि अलीकडच्या अंदाजपत्रकांत त्यातून शंभर कोटींहून अधिक उत्पन्न धरलेले असते. देणारी बाई नवस फेडून, बोडक्या डोक्याने घरी जाते. तिचे केस वरच्या दर्जाचे म्हणून परदेशी बाजारात जातात. व्यापारी त्याला काळे सोने म्हणतात. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, इतका हा माल मोलाचा. म्हणजे डोक्यावर असताना अब्रू, गळून पडल्यावर विटाळ, देवळात दान आणि बाजारात सोने. केस तोच. प्रत्येक पायरीवर त्याची किंमत वाढते, कष्ट करणाऱ्या हाताची मात्र वाढत नाही.

तुमच्या घरात गंगावन असेल तर ही कहाणी बोटांनीही तपासता येते. झुपक्यातला एक केस काढून, झुपक्यापासून लांब, काडीने पेटवून पाहा. वितळून गोळी झाली तर तो कृत्रिम धागा. जळक्या पिसासारखा वास येऊन राख झाली तर माणसाचा केस. मग मुळाकडून टोकाकडे आणि उलट बोट फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने किंचित खरखरीत लागला, तर बहुधा तो डोक्यावरून एकत्र कापलेला केस. दोन्हीकडून सारखाच गुळगुळीत असेल, तर बहुधा तो फणीतल्या गुंत्यातला. अशा केसांत मुळे-टोके उलटसुलट झालेली असतात, म्हणून रसायनात घालून वरचा थर काढतात आणि सिलिकॉनचा मुलामा देतात. काही धुण्यांनंतर तो मुलामा उतरतो आणि गुंता होऊ लागतो. लावताना एक काळजी घ्या. कानशिलाजवळच्या नाजूक केसांवर जड पट्टी अडकवू नका आणि रात्री काढून झोपा, नाहीतर रोजच्या ओढीने स्वतःचेच केस विरळ होतील.

आणि हा इतिहास जुना झाला असे समजू नका. २०१७ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात उत्तर भारतात 'वेणी कापणाऱ्या भुता'ची अफवा पसरली. ऑगस्टमध्ये आग्र्याजवळच्या एका गावात जमावाने एका वृद्ध दलित स्त्रीला वेणी कापणारी चेटकीण ठरवून मारले, आणि त्यात तिचा जीव गेला. अफवेला चेहरा हवा होता, तो जातीने पुरवला. दारोदार फिरून केस गोळा करणारी बाई आजही अशाच संशयाच्या सावलीत चालते. गावात काही घडले की पहिले बोट तिच्याकडे.

म्हणून आपल्या भूमिकेत दोन्ही गोष्टी हव्यात. पहिली, चळवळीतल्या मुलीच्या वेणीवर पहारा ठेवणे बंद करा. तिने केस कापले, वाढवले, रंगवले किंवा उसने लावले, तो तिचा प्रश्न. तिला विचारायचेच असेल तर संघटनेत कोणती जबाबदारी घेतेस ते विचारा. दुसरी, वेणीत जिचे कष्ट गुंफले आहेत तिला आपल्या मागण्यांच्या यादीत आणा. फेरीवाल्या भटक्या बायांना ओळखपत्र आणि संरक्षण, गुंता सोडवणाऱ्या कामगारांना किमान वेतन आणि आरोग्य तपासणी, या मागण्या आपण नाही करणार तर कोण करणार? मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या वारसांनी लोखंडी दागिन्यांचा श्लोक लक्षात ठेवावा, आणि त्याच श्लोकातले 'सतत भटकत राहावे' हे शेवटचे कलमही विसरू नये. ते कलम अजून पुरते जळलेले नाही.

जय भीम!