लसीकरणाच्या सक्तीतून धार्मिक सूट

परदेशस्थ भाविकांपैकी कोणी पाल्याच्या शाळाप्रवेशासाठी ‘आमच्या धर्मात लस निषिद्ध आहे’ असे पत्र मागितल्यास ते आम्हांस देता येत नाही. त्यामागील कारणे येथे नमूद करीत आहोत.

अमेरिकेत शाळेसाठीच्या लशींचे नियम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरविते. देवीची लस नाकारल्याबद्दल पाच डॉलर दंड झालेल्या हेनिंग जेकबसन या पाद्रींच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये सक्तीचा अधिकार मान्य केला. पुढे बहुतेक राज्यांनी धार्मिक सूट दिली. परंतु गोवराच्या साथींनंतर कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये व न्यूयॉर्कने २०१९ मध्ये ती काढून घेतली. न्यूयॉर्कची साथ प्रामुख्याने कर्मठ ज्यू वस्त्यांत पसरली होती, आणि त्यांच्याच अनेक धर्मगुरूंनी लस घेण्याचे आवाहन केले होते, हे विशेष.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी कोणासही बळाने लस देता येणार नाही असे म्हटले. मात्र तो निर्णय देहाच्या स्वायत्ततेवर आधारलेला होता, धर्मावर नव्हे.

आपले शास्त्रग्रंथ रचले गेले तेव्हा लस नव्हतीच. मग निषेध कोठून येणार? शीतलामातेचा कोप होईल या भीतीने पूर्वी अनेकांनी देवीची लस टाळली, हे खरे. तो रोग १९८० पर्यंत जगातून गेला. शीतला सप्तमीचे व्रत आजही चालू आहे.

शाकाहारी कुटुंबांची एक शंका मात्र रास्त वाटते. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या काही लशींत डुकरापासूनचे जिलेटिन असते, काहींत नसते. त्याविषयी डॉक्टरांस आधीच विचारावे.