गाडगीळांचं सूत्र आणि आमचा हार

नागरिकशास्त्र मी बरीच वर्षं शिकवलं. केंद्र, राज्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था हा धडा मुलं पाठ करत, परीक्षेत लिहीत आणि विसरून जात. खरं सांगायचं तर मलाही तो उशिराच कळला.

१९८० नंतरची गोष्ट. आमच्या शाळेच्या दोन खोल्या गळत होत्या. प्रस्ताव तीनदा वर गेला आणि तीनदा परत आला. शेवटी गावातली जाणती मंडळी म्हणाली, "गुरुजी, हार घेऊन चला." गेलो. हार गळ्यात पडल्यावर साहेबांनी खोल्यांचं काहीच विचारलं नाही. "तुमच्या गावातून आम्हाला मतं किती पडली?" एवढंच विचारलं.

परतताना एस.टी.त मला धनंजयराव गाडगीळ आठवले. पुण्यात १९३० साली गोखले संस्था उभी करणारे, प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यासाठी विखे पाटलांबरोबर झटणारे तेच ते अर्थतज्ज्ञ. १९६७ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीनंतर अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली होती. वित्त आयोगाला घटनेच्या २८० व्या कलमाचा आधार होता. पण योजनांसाठीची मोठी मदत नियोजन आयोगाकडून जाई, आणि तो सरकारी ठरावाने जन्मलेला. कुणाला किती द्यायचं याला ठाम नियम नव्हता. दिल्लीत एक पक्ष आणि राज्यात दुसरा, असं झाल्यावर हा प्रश्न टोचू लागला.

गाडगीळांचं सूत्र १९६९ साली चौथ्या योजनेपासून लागू झालं. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची गरज आधी भागवायची. उरलेल्यातले ६० टक्के लोकसंख्येवर, १० टक्के दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यांना, १० टक्के करवसुलीच्या प्रयत्नांवर, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी आणि १० टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी. म्हणजे मुख्यमंत्री कोणत्या पक्षाचा, हा रकानाच नाही! १९७१ च्या मे महिन्यात, आयोगातून बाहेर पडून दिल्लीहून पुण्याला परतताना, रेल्वेतच गाडगीळांचं निधन झालं.

पण माणूस वाट काढतोच. सूत्राबाहेरच्या केंद्र पुरस्कृत योजना वाढत गेल्या आणि तिथे मर्जीला जागा राहिली. १४ राज्यांच्या १९७४-७५ ते १९९६-९७ या काळातल्या आकड्यांवरचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. केंद्राच्याच पक्षाचं सरकार असलेल्या आणि जिथे निवडणूक चुरशीची होते अशा राज्यांना जास्त पैसे मिळाले, असा त्याचा निष्कर्ष. आमच्या साहेबांचा प्रश्न दिल्लीतही विचारला जात होता तर!

१९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींना घटनेत जागा मिळाली. दहाव्या वित्त आयोगाने प्रथमच पंचायतींसाठी पैसे दिले, १९७१ च्या ग्रामीण लोकसंख्येवर माणशी १०० रुपये. चौदाव्या आयोगाने २०१५ ते २०२० साठी दोन लाख कोटींहून अधिक रक्कम ग्रामपंचायतींसाठी ठेवली. नियोजन आयोग २०१५ च्या आरंभी गेला आणि नीती आयोग आला. पंधराव्या आयोगाची एक अट होती, लोकनियुक्त मंडळ असेल तरच अनुदान. अट चांगलीच; पण २०२२ नंतर आपल्याकडच्या कित्येक जिल्हा परिषदांवर काही वर्षं प्रशासक बसले होते. निवडणूक लांबवणारे वेगळे आणि अनुदानाला मुकणारे वेगळे.

असो. आमच्या खोल्या पुढे दोन वर्षांनी झाल्या. कोनशिलेवर साहेबांचं नाव आलं. त्यानंतर तो धडा शिकवताना मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "गुरुजी, पैसे सरकारचे होते ना? मग हार कशाला नेला?"

मी फळा पुसू लागलो. तेव्हा उत्तर दिलं नाही, ते आज देतो. हक्काचं मागायला हार नेला, ती माझी चूक होती. गावाकडच्या माझ्या भाचरांनो, ग्रामपंचायतीला किती आले आणि कशावर गेले हे आता ई-ग्रामस्वराजवर बघता येतं. ते बघा, आणि ग्रामसभेला जाऊन विचारा. हार मात्र नेऊ नका.