ताकाता एअरबॅग रिकॉल

ताकाता एअरबॅग रिकॉल : जपानच्या ताकाता कंपनीने बनवलेले सदोष एअरबॅग-भाग बदलून देण्यासाठी २००८ पासून जगभर राबवलेली मोहीम. वाहनउद्योगाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी रिकॉल मोहीम मानली जाते. एकट्या अमेरिकेत १९ वाहन कंपन्यांच्या गाड्यांतील सुमारे ६.७ कोटी एअरबॅग तिच्या कक्षेत आल्या.

दोषाचे स्वरूप : स्टिअरिंगच्या मध्यभागी, हॉर्नच्या आवरणाखाली एअरबॅगची घडी असते आणि तिच्यामागे इन्फ्लेटर हा धातूचा डबा. टक्कर होताच डब्यातल्या रासायनिक वड्या पेटतात व त्यांच्या वायूने पिशवी फुगते; पापणी लवायच्या आत हे सारे उरकते. ताकाताने या वड्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरले. हे रसायन स्वस्त, पण ओलावा चटकन शोषणारे. शिवाय सुमारे ३२° से. तापमानाला त्याची स्फटिकरचना आणि आकारमान बदलते. वर्षानुवर्षे दिवसा तापून रात्री निवत राहिल्याने वड्या भुसभुशीत होतात. अशा वड्या गरजेपेक्षा वेगाने जळतात, वायूचा दाब डब्याला सोसत नाही, डबा फुटतो आणि त्याच्या चिरफाळ्या समोरच्या माणसाच्या मानेत, चेहऱ्यात घुसतात. ओलावा टिपणारे द्रव्य नसलेल्या इन्फ्लेटरमध्ये हा धोका अधिक. त्यामुळे फ्लॉरिडा, हवाई, पोर्तो रिको अशा उष्ण व दमट प्रदेशांतील गाड्यांना दुरुस्तीत अग्रक्रम देण्यात आला.

घटनाक्रम : नोव्हेंबर २००८ मध्ये होंडाने सुमारे ४,००० गाड्या परत बोलावल्या. २००९ मध्ये अमेरिकेत या दोषामुळे मृत्यू झाला. व्याप्ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि मे २०१५ मध्ये ताकाताने दोष मान्य केला. चाचण्यांची खोटी माहिती वाहन कंपन्यांना दिल्याचा गुन्हा तिने २०१७ मध्ये कबूल केला व १ अब्ज डॉलर भरण्याचे मान्य केले. त्याच वर्षी जूनमध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेत या इन्फ्लेटरमुळे पंचवीसहून अधिक मृत्यू झाले.

दुरुस्ती : मालकाने १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर तपासायचा, गाडी यादीत असल्यास अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यायची, सुटा भाग आणि मजुरी दोन्ही कंपनीच्या खर्चाने. प्रत्यक्षात सुट्या भागांचा तुटवडा पडला. काही गाड्यांत तात्पुरता म्हणून पुन्हा त्याच जातीचा नवा इन्फ्लेटर बसवला गेला आणि त्यांना दुसऱ्यांदा बोलवावे लागले. एकाकडून दुसऱ्याकडे विकल्या गेलेल्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत तर कंपनीचे पत्र पहिल्याच मालकाच्या पत्त्यावर पडून राहते.

भारत : ताकाताचे इन्फ्लेटर असलेल्या गाड्या भारतातही परत बोलावण्यात आल्या. येथे २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची रिकॉलसाठीची ऐच्छिक संहिता होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलविषयीचे कलम ११०-अ आले. त्यानुसार एप्रिल २०२१ पासून सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकते व दंड १ कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मात्र ही सक्ती सात वर्षांच्या आतील वाहनांपुरती आहे. ताकाताचा दोष गाडीच्या वयाबरोबर वाढणारा. कोकण किनाऱ्यासारख्या दमट हवेत चालणाऱ्या जुन्या गाडीचा मालक नेमका या मुदतीबाहेर पडतो.