पाककृती व औषधांच्या घरगुती वह्या, व्हिक्टोरियाकालीन

व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत (१८३७–१९०१) ब्रिटनमधील मध्यम व उच्च वर्गांतील कुटुंबांत पाककृती, घरगुती औषधे आणि गृहव्यवस्थेच्या युक्त्या टिपून ठेवण्यासाठी वापरलेल्या हस्तलिखित वह्या. ही प्रथा सोळाव्या-सतराव्या शतकांपासून चालत आलेली होती. एकोणिसाव्या शतकात साक्षरतेचा प्रसार, स्वस्त कागद आणि १८४० मध्ये सुरू झालेली एक पेनी दराची टपाल व्यवस्था यांमुळे तिला नवे बळ मिळाले. स्वयंपाकघर व आजाऱ्याची खोली ही दोन्ही गृहिणीच्याच देखरेखीखाली असत, हे या वह्यांवरून दिसते. त्यांपैकी दुसरी तिच्या अखत्यारीतून हळूहळू कशी निसटली, याचाही पुरावा त्यांत सापडतो.

स्वरूप व आशय : इंग्रजीत ‘रिसीट’ व ‘रेसिपी’ हे शब्द दीर्घकाळ पाककृती आणि औषधयोजना या दोहोंसाठी वापरले जात. दुसऱ्या शब्दाचे मूळ ‘घ्या’ या अर्थाच्या लॅटिन आज्ञार्थी रूपात असून वैद्याच्या लेखी योजनेचा प्रारंभ त्याने होई. अनेक वह्यांत एका बाजूने पाककृती लिहिलेल्या असून वही उलटी करून दुसऱ्या बाजूने औषधे नोंदलेली आढळतात. नोंदीखाली ती देणाऱ्या आप्ताचे किंवा शेजारणीचे नाव असे. मधूनमधून वृत्तपत्रांतील कात्रणे चिकटवलेली असत. वही आईकडून मुलीकडे जाई. त्यामुळे एकाच वहीत दोन-तीन पिढ्यांची हस्ताक्षरे दिसतात. प्रमाणे चहाचा पेला, मद्याचा पेला, अक्रोडाएवढे लोणी अशी सांगितलेली असत. कोळशाच्या चुलीचे तापमान मोजण्याची सोय नसल्याने भट्टी ‘मंद’ किंवा ‘तेज’ असावी, एवढीच सूचना पुरेशी मानली जाई. शाई, जोड्यांचे काळे रोगण, रेशमी वस्त्रे धुण्याची रीत यांसारख्या विषयांनाही वहीत स्थान असे.

औषधांच्या नोंदींत जवसाचे व मोहरीचे पोटीस, एरंडेल, कापूर, रेवाचिनी, मॅग्नेशिया आणि अफूचा मद्यार्कातील अर्क (लॉडेनम) वारंवार आढळतात. गोमांसाचा पातळ अर्क, बार्लीचे पाणी व आरारूटची पेज यांसारखी पथ्ये अन्न व औषध या दोहोंच्या सीमेवर होती. या नोंदींमागे नित्याची भीती होती. इंग्लंड व वेल्समध्ये या काळात बहुतेक वर्षी दर हजार जन्मांमागे सुमारे १५० अर्भके एक वर्षाच्या आत दगावत. पटकीच्या मोठ्या साथी १८४८-४९, १८५३-५४ व १८६६ मध्ये येऊन गेल्या. खोकल्यावर वा अतिसारावर काही थेंब लॉडेनम देण्याची सूचना ही त्यामुळे निष्काळजीपणाची नव्हे, तर उपलब्ध उपायांच्या मर्यादेची खूण होय. तथापि अफूयुक्त औषधांनी मुले दगावल्याची प्रकरणेही त्या काळात गाजत होती.

काही उल्लेखनीय वह्या : निसर्गवैज्ञानिक चार्ल्स डार्विन (१८०९–८२) यांची पत्नी एमा (१८०८–९६) हिने विवाहाच्या वर्षी, म्हणजे १८३९ मध्ये, सुरू केलेली पाककृतींची वही केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे; तीत भात शिजविण्याची कृती स्वतः डार्विन यांच्या अक्षरात आहे. एसेक्समधील ऑडली एंड या वाड्यातील स्वयंपाकीण एव्हिस क्रोकोम हिची वही २००९ मध्ये उजेडात आली. अशा वह्या केवळ मालकिणीच नव्हे, तर नोकरवर्गातील स्त्रियाही ठेवीत, हे तीवरून कळते. स्कॉटलंडमधील टिलिप्रोनीच्या लेडी क्लार्क यांनी १८४१ पासून मृत्यूपर्यंत (१८९७) पाककृती जमविल्या. त्यांच्या वह्यांतून निवडलेला ग्रंथ कॅथरिन फ्रिअर यांनी संपादित करून १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर (कार. १८६२–६७) यांची ही कन्या होय, बहीण मेरी हिच्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ (१८६८) या दख्खनी लोककथांच्या संग्रहातील चित्रे तिनेच काढली होती.

ऱ्हास : छापील ग्रंथ व हस्तलिखित वह्या यांच्यात दुतर्फा देवाणघेवाण होती. एलायझा ॲक्टन (१७९९–१८५९) यांच्या ‘मॉडर्न कुकरी’ (१८४५) या ग्रंथात जिन्नसांची प्रमाणे प्रत्येक कृतीच्या शेवटी वेगळी दिली होती. इझाबेला बीटन (१८३६–६५) यांच्या ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ (१८६१) मध्ये ती प्रारंभी आली. बीटन यांच्या ग्रंथातील पुष्कळ कृती वाचकांनी पाठविलेल्या किंवा पूर्वीच्या पुस्तकांतून घेतलेल्या होत्या. मात्र छपाईत देणारीचे नाव बहुधा लोपले. औषधांच्या बाबतीत बदल अधिक मूलगामी ठरला. १८५८ च्या वैद्यक अधिनियमाने अर्हताप्राप्त वैद्यांची नोंदवही सुरू केली, तर १८६८ च्या औषधविक्री अधिनियमाने अफू व इतर विषांची विक्री नोंदणीकृत विक्रेत्यांपुरती मर्यादित केली. बाटलीबंद औषधांना मात्र त्यातून बरीच सूट मिळाली. भारतातील सैन्यात वैद्य असलेल्या जे. कॉलिस ब्राउन यांनी पटकीवर तयार केलेले क्लोरोडाइन हे अफू, क्लोरोफॉर्म व गांजायुक्त औषध घरोघर खपत राहिले. म्हणजे अफू घरातून गेली नाही. तिचे प्रमाण ठरविण्याचा अधिकार मात्र गृहिणीकडून कारखानदाराकडे गेला. शतकाच्या अखेरीस वह्यांतील औषधांचा भाग रोडावत गेला आणि पाककृतींचा भाग उरला.

ऐतिहासिक मूल्य : नोंदलेली प्रत्येक कृती प्रत्यक्षात वापरली गेलीच, असे मानता येत नाही. तेलाचे डाग, खोडलेली प्रमाणे, ‘उत्तम’ यासारखे शेरे यांवरून वापराचा अंदाज करावा लागतो. १८४३ मध्ये ॲल्फ्रेड बर्ड याने सिद्ध केलेल्या बेकिंग पावडरचा उल्लेख कालनिर्णयास साहाय्यक ठरतो. लंडनच्या वेलकम संग्रहात अशा वह्यांचा मोठा साठा आहे. ज्या स्त्रियांनी दुसरे कोणतेही लेखन मागे ठेवले नाही, त्यांचे ज्ञान, नातेसंबंध व काळज्या जाणून घेण्याचे हे एक दुर्मिळ साधन आहे.