चौकापासून जाळ्यापर्यंत : ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेची वाटचाल

१९३३ साली लंडनजवळच्या हार्मण्ड्सवर्थची रस्ते प्रयोगशाळा सरकारच्या संशोधन खात्याकडे आली, तेव्हा तिचे मुख्य विषय होते डांबर, खडी आणि काँक्रीट. महायुद्धात तिथल्या अभियंत्यांनी धरणांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्या स्फोटांनी फोडून पाहिल्या. युद्ध संपल्यावर रस्त्याइतकंच रस्त्यावरच्या वाहतुकीकडे लक्ष गेलं. आज जगभरच्या सिग्नलांमागे जे गणित आहे, त्यातलं पुष्कळसं याच संस्थेत घडलं.

त्याचा पाया म्हणजे एफ. व्ही. वेबस्टर यांचा १९५८चा अहवाल. हिरवा दिवा लागला तरी पहिली गाडी लगेच हलत नाही. दिवा बदलतानाचे काही क्षण कुणाच्याच कामी येत नाहीत. सिग्नलचं चक्र फार आखूड ठेवलं तर असे क्षण तासात वारंवार वाया जातात, फार लांबवलं तर सगळेच ताटकळतात. वेबस्टर यांनी मधला बिंदू शोधला. एका चक्रात वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करायची, त्यात ५ मिळवायचे आणि चौकाच्या शिल्लक क्षमतेने, म्हणजे १ वजा एकूण भार या आकड्याने, भागायचं. १० सेकंद वाया जात असतील आणि सगळ्या फेजचा (आळीपाळीने हिरवा दिवा मिळणाऱ्या दिशांचा) मिळून भार ०.६ असेल, तर चक्र ५० सेकंदांचं. भार ०.८ झाला की तेच १०० सेकंदांचं! भार एक तृतीयांशाने वाढतो आणि चक्र दुप्पट होतं. संध्याकाळी सिग्नलवरची वाट एकाएकी लांबते, तिचं उत्तर या भागाकारात आहे.

पण शहरातला चौक एकटा नसतो. एका सिग्नलवरून सुटलेला गाड्यांचा ताफा विखरत विखरत पुढच्या सिग्नलवर पोचतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात डेनिस रॉबर्टसन यांनी हे विखरणंच गणितात बसवलं. त्यांचा 'ट्रान्सिट' हा संगणक कार्यक्रम एकेका सिग्नलची वेळ किंचित मागेपुढे सरकवतो, साऱ्या जाळ्यातला खोळंबा आणि थांबे पुन्हा मोजतो, आणि सुधारणा दिसली तरच बदल ठेवतो. त्याची परीक्षा ग्लासगोच्या मध्यभागात, खऱ्या रहदारीत झाली. कागदावरचं यश या मंडळींना पुरेसं वाटलं नाही, हे मला या संस्थेचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य वाटतं.

दरम्यान संस्था क्राउथर्नला गेली होती, सत्तरच्या दशकात नावात 'ट्रान्सपोर्ट'ही आलं. रॉबर्टसन यांच्या गटापुढे आता वेगळाच प्रश्न होता. ठरवून दिलेल्या वेळा शिळ्या होतात. पुढे १९८६च्या अभ्यासात त्यामुळे होणारा तोटा वर्षाला सुमारे ३ टक्के निघाला. नव्याने मोजणी करायला मात्र नगरपालिकांकडे पुरेशी माणसं क्वचितच असतात. म्हणून 'स्कूट' ही प्रणाली आली. रस्त्यात पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यांवरून गाडी गेली की संगणकाला कळतं, आणि तो हिरव्या दिव्याची वेळ थोडथोड्या सेकंदांनी बदलत राहतो. १९८१च्या अहवालानुसार, ताज्या ठरीव वेळांच्या तुलनेतही खोळंबा सुमारे १२ टक्क्यांनी घटला.

१९९६ साली सरकारने ही संस्था खासगी हाती दिली. सिग्नलांवरचं तिचं मूलभूत काम मात्र त्याआधीचं, सरकारी पैशावर आणि दीर्घ मुदतीवर झालेलं आहे. हे विसरलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

वेबस्टर यांची पद्धत इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८५च्या मार्गदर्शिकेतून आपल्याकडेही पोचली. हिरवा दिवा सलग राहिला तर रस्त्याच्या रुंदीच्या दर मीटरला तासाला ५२५ पीसीयू (मोटारींच्या मापात मोजलेली वाहनं) सुटतात, हा आकडा आपले स्थापत्यचे विद्यार्थी परीक्षेत वापरतात. तो म्हणजे वेबस्टर यांचा 'दर फुटाला १६०' मीटरमध्ये मांडलेला. तो ब्रिटिश चौकांत मोजलेला होता. पुण्या-मुंबईत लाल दिवा असताना दुचाक्या फटीफटींतून पुढे येऊन अख्खी रुंदी भरतात आणि हिरवा लागताच एकदम सुटतात. इथली क्षमता इथेच मोजायला हवी होती. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१७च्या 'इंडो-एचसीएम'साठी भारतीय चौकांवर ती मोजणी झाली.