एकाच कुलपाची किल्ली : थैलीतला पसारा आणि केमचा एकेरी मार्ग

१९९६ साली जपानमध्ये आलेल्या ‘पोकेमॉन’ मालिकेच्या पहिल्या गेममध्ये खेळाडूच्या थैलीत फक्त २० प्रकारच्या वस्तू मावत. औषधे, चेंडू, सायकल, किल्ल्या, सगळे एकाच थैलीत. खेळाच्या ओघात एका जहाजावर जाण्याचे तिकीट मिळते. पुढे जहाज बंदर सोडून निघून जाते. तिकीट मात्र थैलीतच राहते. ते विकता येत नाही, फेकताही येत नाही. फार तर संगणकाच्या कोठारात नेऊन ठेवायचे. किल्ल्यांचेही तेच. दार उघडले की किल्लीचे काम संपते, तिने जागा अडवणे संपत नाही.

आरपीजी प्रकारचे गेम खेळणाऱ्यांची ही जुनी तक्रार आहे. पण एकाच कुलपाला लागणारी आणि तरीही टाकून न देता येणारी किल्ली सांभाळायची कशी, हा प्रश्न व्हिडिओ गेमपेक्षा शंभराहून अधिक वर्षांनी जुना आहे. सोलापूर जिल्ह्यातील केम या रेल्वे स्थानकाचा नकाशा समोर ठेवला तर तो नीट उलगडतो. तिथल्या किल्लीचा हिशेब चुकला तर खेळ अडत नाही, माणसे मरतात. हा धागा त्या किल्लीविषयी.

करमाळा तालुक्यातील केम हे गाव बहुतेकांना ठाऊक असते ते कुंकवामुळे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग पुण्याहून पुढे सरकत १८५८ च्या अखेरीस डिकसळला पोचला. १८५९ च्या ऑक्टोबरात डिकसळ ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, हा टप्पा सुरू झाला. केम याच टप्प्यात येते. १८६० मध्ये गाडी सोलापूरला पोचली. पुढे हाच मार्ग मुंबई–मद्रास या महत्त्वाच्या मार्गाचा भाग बनला. तरीही त्याचे काही तुकडे एकविसाव्या शतकापर्यंत एकेरीच राहिले.

एकेरी मार्गावर दोन्ही दिशांच्या गाड्यांना रूळ एकच. समोरून कोणी येत नाही याची खात्री चालकाला कशी द्यायची? इंग्लंडमध्ये सापडलेले पहिले उत्तर फार साधे होते. दोन स्थानकांमधील प्रत्येक खंडासाठी एकच दांडा ठेवायचा. तो हाती असेल त्यानेच त्या खंडात गाडी न्यायची. दांडा एकच असल्याने एका वेळी गाडीही एकच.

अडचण दुसऱ्याच दिवशी उभी राहावी अशी होती. एका दिशेने लागोपाठ दोन गाड्या सोडायच्या असतील तर पहिली गाडी दांडा घेऊन पलीकडे गेलेली असते. दुसरी गाडी अलीकडे ताटकळते, किंवा कोणीतरी घोड्यावर बसून दांडा परत आणतो. यावर तोड म्हणून तिकीट आले. पहिल्या चालकाला दांडा नुसता दाखवायचा आणि लेखी तिकीट देऊन पाठवायचे. दांडा घेऊन जाणार शेवटची गाडी. तिकिटांची पेटी कुलूपबंद असे आणि तिची किल्ली दांड्यालाच जोडलेली असे. म्हणजे दांडा जवळ नसेल तर तिकीटही काढता येणार नाही. योजना हुशारीची होती. पण गाड्यांचा क्रम आधी ठरलेला असेल तरच ती चाले. वेळापत्रक विस्कटले की चुकीच्या टोकाला पडलेला दांडा पुन्हा डोकेदुखी.

काही कंपन्यांनी दांडा सोडून केवळ तारेवर भिस्त ठेवली. १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडमधील नॉर्विचजवळ थॉर्प येथे त्याचा परिणाम दिसला. एका बाजूने गाडी सोडण्याची परवानगी तारेने गेली आणि दुसऱ्या बाजूने गाडी आधीच निघालेली होती. दोन्ही गाड्या समोरासमोर आदळल्या; दोन डझनांहून अधिक माणसे गेली. त्या ठिकाणी शेजारचा दुसरा रूळ टाकून तयार होता, फक्त तपासणी होऊन तो खुला व्हायचा राहिला होता. तारेतला संदेश हा कितीही खरा असला तरी शब्दच असतो. तो घाईत पाठवला जातो, अर्धवट समजला जातो, एकाच वेळी दोघांच्या हाती पडू शकतो. लोखंडी वस्तू दोघांच्या हातात एकाच वेळी असू शकत नाही.

एडवर्ड टायर या विद्युत अभियंत्याने या दोन्हींची सांगड घातली. १८७८ मध्ये त्याने पेटंट घेतलेल्या पद्धतीत किल्ल्या अनेक होत्या, पण त्या खंडाच्या दोन्ही टोकांच्या यंत्रांत बंदिस्त असत आणि यंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असत. एक किल्ली बाहेर निघाली की ती कोणत्याही टोकाच्या यंत्रात परत जाईपर्यंत दुसरी निघतच नसे. आता लागोपाठ कितीही गाड्या एका दिशेने सोडता येऊ लागल्या, आणि घोड्यावरून दांडा परत आणणारा माणूस इतिहासजमा झाला.

भारतातील एकेरी मार्गांवर याच कुळातील नील यांचे गोळ्याचे यंत्र फार चालले. त्यातील किल्ली म्हणजे धातूचा गोळा. त्यावर दोन्ही स्थानकांची नावे आणि अनुक्रमांक कोरलेले. गोळा चामड्याच्या पिशवीत आणि पिशवी वेताच्या मोठ्या कडीला बांधलेली. न थांबणाऱ्या गाडीचा सहायक हात बाहेर काढून ती कडी खांद्यापर्यंत अडकवून घेई आणि मागच्या खंडाची कडी फलाटाकडे टाकून देई. रात्री त्या जागी मशाल पेटवलेली असे. टोकन झेलताना हात सुजलेल्या फायरमनच्या हकिकती जुन्या रेल्वे कुटुंबांत अजून सांगितल्या जातात.

अशा मार्गावरच्या मधल्या स्थानकाचे गणित पाहण्यासाठी केम हे चांगले उदाहरण आहे. पुण्याच्या बाजूला भाळवणी, कुर्डुवाडीच्या बाजूला ढवळस. अशा स्थानकावर दोन वेगळे खंड येऊन मिळतात, म्हणून यंत्रेही दोन. स्टेशन मास्तराने घाईत एका खंडाचा गोळा दुसऱ्या यंत्रात घातला तर? म्हणून शेजारच्या खंडांच्या गोळ्यांची घडण वेगळी ठेवत. परका गोळा आत जातच नसे. शिवाय गाडी हलवण्यापूर्वी गोळ्यावरची नावे वाचून खात्री करणे हे चालकाचे कर्तव्य. किल्ल्यांची गर्दी झाली की त्या दिसायला वेगळ्या असून भागत नाही, हाताला आणि कुलपालाही त्या वेगळ्या लागाव्या लागतात.

आता पसारा. प्रत्येक गाडी आपल्याबरोबर एक गोळा पुढच्या टोकाला नेऊन टाकते. दोन्ही दिशांना सारख्या गाड्या धावल्या तर हिशेब आपोआप जुळतो. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरला पोचल्यावर कुर्डुवाडी हे विठोबाच्या यात्रेकरूंचे गाडी बदलण्याचे ठिकाण झाले. समजा, आषाढीच्या तोंडावर पुण्याकडून कुर्डुवाडीकडे जादा गाड्या एकामागून एक निघाल्या आणि रिकामे डबे घेऊन त्या वेळेत उलट आल्या नाहीत. भाळवणी–केम खंडाचे गोळे केमच्या यंत्रात साचत जातील. त्याच वेळी केम–ढवळस खंडाचे गोळे केमहून संपत जाऊन ढवळसला साचतील. एकाच खोलीतील एक यंत्र भरलेले, दुसरे रिकामे. गाडी उभी, रूळ मोकळा, चालक तयार. पण द्यायला गोळा नाही.

साचलेले गोळे उचलून पलीकडच्या स्थानकावर नेऊन ठेवावेत, इतके हे सोपे वाटते. तेच करण्याची मास्तराला मुभा नव्हती. यंत्र उघडून गोळे काढणे हे सिग्नल खात्याच्या माणसाचे काम. किती काढले, किती घातले, कोणत्या क्रमांकाचे, याची नोंद होऊन दोन्ही टोकांच्या मास्तरांच्या सह्या होत. ही कटकट कारकुनी हौसेपोटी नव्हती. यंत्राबाहेर बेवारस फिरणारा एक गोळा म्हणजे थॉर्पची शक्यता खिशात घेऊन फिरण्यासारखे.

गोळा हरवला तर प्रकरण आणखी गंभीर. चालकाने तो चुकून पुढच्या खंडात नेला, तर तो परत येईपर्यंत मागच्या खंडाचे यंत्र अडकून राही. खरोखरच गहाळ झाला, तर यंत्र पुन्हा जुळवले जाईपर्यंत गाड्या कागदी ‘लाइन क्लिअर’वर, म्हणजे लेखी परवान्यावर, सावकाश चालवाव्या लागत. आणि नंतर तो गोळा एखाद्या शेतात गुराख्याला सापडलाच, तरी मास्तराने तो परस्पर यंत्रात टाकायचा नाही. सिग्नल खात्याच्या हवाली करायचा.

गेम बनवणाऱ्यांनी या प्रश्नावर काढलेले तोडगे याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या १९८६ मधील पहिल्या भागात किल्ली दार उघडताच नाहीशी होई. १९८८ मधील तिसऱ्या भागात शेवटी मिळणारी किल्ली आधीची सगळी दारे उघडू शके. ‘पोकेमॉन’ने १९९९ मध्ये महत्त्वाच्या वस्तूंसाठी थैलीत वेगळा कप्पा केला, त्याने पसारा कमी झाला नाही, नजरेआड गेला. खेळाडूने गरजेची वस्तू फेकून दिली तर खेळच अडेल, ही धास्ती या सर्व तोडग्यांच्या मुळाशी आहे.

रेल्वेची धास्ती नेमकी उलटी होती. तिला किल्ली कमी पडण्याचे भय दुय्यम, एक जास्त असण्याचे भय मोठे. म्हणून वापरताच नाहीशी होणारी किल्ली तिच्या उपयोगाची नव्हती, कारण गोळा पलीकडे पोचला हीच गाडी पोचल्याची खूण होती. सर्व खंडांना चालणारी एकच किल्ली तर सरळ घातकच ठरली असती. गोळा दार उघडत नव्हता. पुढचा रस्ता रिकामा असल्याची ती साक्ष होती. रेल्वेने पसाऱ्यावर काढलेला उपायही त्यामुळे वेगळा. किल्ली प्रवाशाची कधी नव्हतीच, ती कुलपाची होती. एका खंडापुरती ती चालकाकडे उसनी येई आणि पुढची घेताना मागची हातावेगळी होई. शेकडो कोस जाणाऱ्या चालकाच्या थैलीत कोणत्याही क्षणी वस्तू एकच असे. गेम रचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ही साधी गोष्ट सुचलेली दिसते.

पुढे टोकनरहित यंत्रे आली, चाकांची मोजणी करून खंड रिकामा झाल्याचे सांगणारे अ‍ॅक्सल काउंटर आले. धातूचा गोळा जे सांगत होता ते आता आकडा सांगू लागला. केमच्या पलीकडचा भाळवणी ते वाशिंबे हा टप्पा २०२२ मध्ये दुहेरी झाला आणि दौंड–कलबुर्गी मार्गाच्या दुहेरीकरणातील अखेरची फट बुजली. आता केमजवळ दोन गाड्या समोरासमोरून येतात त्या आपापल्या रुळावरून, एकमेकींच्या शेजारून जाण्यासाठी; चालकाच्या हाती देण्याजोगे तिथे काही उरलेले नाही.