शेफील्डच्या घरातला ठराव

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६चा. पण त्याच्या तीन-चार वर्षे आधीपासूनच तिथे गावोगावी ठराव होत होते. नोव्हेंबर १७७२मध्ये बॉस्टनच्या नगरसभेने आपल्या गाऱ्हाण्यांचे पत्रक छापून मॅसॅच्युसेट्समधल्या गावांना धाडले आणि त्यांचे मत मागवले. शंभराहून अधिक गावांनी उत्तर दिले. हे ठराव वाचायला मला आवडतात, जरी पुष्कळदा ते एकसुरी वाटतात: आधी राजाशी निष्ठा, मग पार्लमेंटविषयी तक्रार, मग हक्कांची यादी. शेफील्ड गावाच्या ठरावापाशी मात्र मी अडलो.

शेफील्ड प्रांताच्या पश्चिम टोकाला. जानेवारी १७७३मध्ये अकरा जणांची समिती कर्नल जॉन अ‍ॅशली यांच्या घरी बसली. अ‍ॅशली मोठे जमीनदार आणि न्यायाधीशही. मसुदा लिहिला थिओडोर सेजविक या सव्वीस वर्षांच्या वकिलाने. १२ जानेवारीला ग्रामसभेने तो मंजूर केला, फेब्रुवारीत तो ‘मॅसॅच्युसेट्स स्पाय’ या वृत्तपत्रात छापून आला. त्यातले पहिलेच कलम असे आहे, की निसर्गतः माणसे समान, स्वतंत्र आणि एकमेकांपासून स्वाधीन असतात. आपला जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता निर्वेधपणे उपभोगण्याचा त्यांना हक्क आहे.

मराठी करताना ‘मालमत्ता’ हा शब्द लिहिला आणि लेखणी थांबली. कारण त्या घरात बेट्ट नावाची एक गुलाम बाई राबत होती. ठरावातल्या तीन गोष्टींपैकी तिची गणना तिसरीत होत होती. संमतीवाचून लादलेल्या कराला त्या काळचे वसाहतवाले खुशाल ‘गुलामगिरी’ म्हणत. (आपल्या फुल्यांनी १८७३मध्ये त्याच नावाचे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले, ते मात्र खऱ्या गुलामांना मुक्त केल्याबद्दल. शेफील्डच्या ठरावाला त्या वर्षी शंभर वर्षे झाली होती, हा निव्वळ योगायोग.)

पुढची हकीकत सेजविक यांची कन्या, लेखिका कॅथरिन सेजविक हिने लिहून ठेवली आहे. अ‍ॅशलीबाईंनी रागाच्या भरात बेट्टच्या बहिणीवर चुलीतले तापलेले फावडे उगारले. बेट्ट मध्ये पडली. घाव तिच्या दंडावर बसला. व्रण तिने कधी झाकला नाही. कुणी विचारले, की बाईसाहेबांनाच विचारा म्हणायची.

१७८१मध्ये ती एका वकिलाकडे गेली. तो वकील म्हणजे ठराव लिहिणारे सेजविकच. बेट्ट आणि ब्रॉम हा त्याच घरातला गुलाम, अशा दोघांच्या नावे अ‍ॅशलींवर दावा गुदरला गेला. दाव्याचा प्रकार मोठा मासलेवाईक होता: अन्यायाने अडकवून ठेवलेली वस्तू सोडवून घ्यायचा. माणूस ही वस्तू नाही, हे वस्तूंच्याच कायद्यातून सिद्ध करायचे होते. आधार घेतला तो शेफील्डच्या ठरावाचा नव्हे. ग्रामसभेच्या ठरावाला कोर्टात किंमत नसते. आधार होता १७८०च्या राज्यघटनेतल्या पहिल्या कलमाचा. पण ते कलम वाचताना आठ वर्षांपूर्वीची ती वाक्ये कानात घुमल्यावाचून राहत नाहीत.

ऑगस्टमध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्यूरीने निकाल दिला: दोघेही कायद्याने गुलाम नाहीत. अ‍ॅशलींना तीस शिलिंग भरपाई द्यावी लागली. त्यांनी अपील केले, मग मागेही घेतले.

समिती बसली तेव्हा चहापाणी देताना बेट्टच्या कानांवर ती वाक्ये पडली, असे सांगतात. मला ही गोष्ट जरा जास्तच सोयीची वाटते. तिला समतेची कल्पना त्या अकरा पुरुषांकडूनच कशाला मिळायला हवी? फावडे अडवायला पुढे झाली तेव्हा तिने कुणाच्या ठरावाचा आधार घेतला नव्हता. मात्र गावात या भाषेत बोलणारा वकील कोण, एवढे तिने अचूक हेरले होते.

अ‍ॅशलींनी तिला पगारावर परत बोलावले. ती गेली नाही. एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेऊन ती सेजविक कुटुंबाकडे राहिली, सुईणपण केले, पुढे स्वतःचे घर घेतले. १८११मध्ये हस्तिदंतावर काढलेले तिचे छोटे चित्र आज बॉस्टनमध्ये आहे. गळ्यात सोन्याच्या मण्यांची माळ आहे. १८२९मध्ये ती वारली. स्टॉकब्रिजला सेजविकांच्या कुटुंबातच तिला पुरले. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, हे तिथल्या दगडावर कोरले आहे.